गोळी फळीवर, माहिती कपाटात

(भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालकांना खुले पत्र)

मा. महासंचालक महोदय,



माझं लामत्याला औषधांचं दुकान आहे. लामता म्हणजे बालाघाट जिल्ह्यात, गोंदिया–जबलपूर रेल्वेमार्गावर, बालाघाट आणि नैनपूर यांच्या मधलं गाव. दुकानात फेनोफायब्रेट नावाची गोळी असते. रक्तातली चरबी, त्यातही ट्रायग्लिसराइड, कमी करायला डॉक्टर ती लिहून देतात. औषध सत्तरच्या दशकातलं, पेटंट कधीच संपलेलं, अनेक कंपन्या बनवतात. मोजकी गिऱ्हाइकं ती नेतात, आणि नेतात ती चरबीसाठीच. डोळ्यांसाठी ही गोळी मागायला माझ्याकडे आजवर कोणी आलेलं नाही.

आता या गोळीचा कागदोपत्री इतिहास बघा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि फिनलंडमधल्या ९,७९५ मधुमेही रुग्णांवर 'फील्ड' नावाची चाचणी झाली. गोळीने हृदयविकार टळतो का, हा तिचा मुख्य प्रश्न. २००५ साली उत्तर आलं: म्हणावा तसा टळत नाही. झालं, गोळी नापास. पण त्याच चाचणीतल्या डोळ्यांच्या नोंदी २००७ साली 'लॅन्सेट'मध्ये वेगळ्या छापून आल्या. डोळ्याच्या पडद्यावर लेझर करून घ्यायची वेळ गोळी न घेणाऱ्यांपैकी ४.९ टक्के लोकांवर आली होती, घेणाऱ्यांपैकी ३.४ टक्क्यांवर. २०१० साली अमेरिकेतल्या 'अकॉर्ड' चाचणीत पुन्हा तेच झालं. हृदयाच्या बाबतीत निराशा, पण चार वर्षांत पडद्याचा आजार वाढण्याचं प्रमाण १०.२ टक्क्यांऐवजी ६.५ टक्के. २०१३ साली ऑस्ट्रेलियाने डोळ्यांसाठी ही गोळी वापरायला रीतसर मान्यता दिली. आणि २०२४ साली स्कॉटलंडमधल्या 'लेन्स' चाचणीचे निकाल जाहीर झाले. ती मुळात डोळ्यांसाठीच आखलेली होती. पडद्यात बिघाड सुरू झालेले १,१५१ रुग्ण त्यात होते. आजार पुढे सरकला असे गोळी घेणाऱ्यांत २२.७ टक्के, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत २९.२ टक्के.

२००७ ते २०२४, म्हणजे सतरा वर्षं. एवढा काळ ही गोष्ट हृदयावरच्या निबंधांच्या पोटात पडून होती असं मी म्हटलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. नेत्रतज्ज्ञांच्या परिषदांमधून तिची चर्चा होत असणार. पण ती लामत्याला आली नाही. हृदयाचे डॉक्टर डोळ्यांचा निकाल कशाला लक्षात ठेवतील? आणि डोळ्यांचे डॉक्टर चरबीची गोळी कशाला लिहितील? दोन खात्यांच्या मधल्या ओसरीवर हा पुरावा बसून राहिला.

महोदय, माझा त्यात धंदा आहे म्हणून मी हे लिहितोय असं कुणाला वाटू शकतं. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो: चिठ्ठीशिवाय ही गोळी मी देत नाही आणि हे पत्र वाचून कुणी मागायला येऊ नये. मूत्रपिंड कमजोर असेल तर तिचा डोस कमी करावा लागतो, काहींना ती द्यायचीच नसते. आणि आमच्याकडच्या जुन्या मधुमेह्यांत मूत्रपिंड धड असलेले किती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शिवाय २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने सगळ्या चाचण्या एकत्र करून तपासल्या, तेव्हा निष्कर्ष असा निघाला की पडदा अजून ठीक असलेले आणि बिघडलेले असे सगळे रुग्ण एकत्र धरले तर फायदा जवळजवळ दिसत नाही. बिघाड सुरू झालेल्यांचा वेगळा हिशेब केला तर दिसतो. म्हणजे 'गोळी चांगली' किंवा 'गोळी वाईट' असं एका ओळीचं उत्तर इथे नाहीच. कुणासाठी, केव्हा, मूत्रपिंड कसं असताना, हे सगळं सांगितलं तरच ते उत्तर.

माझी मागणी या उत्तराविषयी आहे.

असं उत्तर शोधायला संगणकाकडून वैद्यकीय निबंध चाळून घ्यायचे, ही कल्पना आजची नाही. शिकागो विद्यापीठात डॉन स्वॉन्सन नावाचे ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक होते. डॉक्टर नव्हते. १९८६ साली त्यांनी दोन ढीग समोर ठेवले. एका ढिगात माशाच्या तेलाने रक्ताचा घट्टपणा कमी होतो असं सांगणारे निबंध. दुसऱ्यात रेनॉड या आजारावरचे निबंध. त्यात थंडीने बोटं पांढरी पडतात आणि रक्त नेहमीपेक्षा घट्ट असतं. एका ढिगातले लेखक दुसऱ्या ढिगातल्यांचं नावही घेत नव्हते. स्वॉन्सन यांनी दोन्ही जोडून म्हटलं, मग माशाचं तेल रेनॉडवर उपयोगी पडेल. पुढे ते तपासलं गेलं आणि त्यात तथ्य निघालं. छापलेलं सगळं उघड्यावर असूनही एक ज्ञान कुणालाच ठाऊक नव्हतं. आज पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या एकट्या सूचीत साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. माणसाने चाळायचं काम हे राहिलेलं नाही.

आपल्याच देशात याचा एक जबरदस्त प्रयोग झाला, त्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. अमेरिकेतले कार्ल मालमुड आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले प्राध्यापक अँड्र्यू लिन यांनी मिळून ७ कोटी ३० लाख संशोधन निबंध एका जागी साठवले. ५७६ टेराबाइट. २०१९ साली 'नेचर'ने त्याची बातमी दिली. अट अशी की निबंध कुणी वाचायचा नाही, उतरवून घ्यायचा नाही, ती यंत्रणा इंटरनेटला जोडायचीही नाही; फक्त संगणकाने आत फिरून शब्दांचे, रसायनांचे, आजारांचे संबंध शोधायचे. वाचणं हा प्रकाशकाचा हक्क, पण मोजणं सगळ्यांचं, असा त्यांचा युक्तिवाद. कायद्याच्या कसोटीवर तो टिकेल की नाही, हे वकिलांनी सांगावं. मला एवढंच दिसतं की हे काम दिल्लीत होऊ शकतं, माणसं आहेत, यंत्रं आहेत.

डोळ्यांच्या बाबतीत कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटलं की सगळे फोटोंबद्दल बोलतात. त्यात आपला वाटा मोठा आहे, अभिमान वाटावा असा. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी पडद्याच्या १,२८,१७५ छायाचित्रांवर यंत्र तयार केलं, त्यात अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या तीन भारतीय रुग्णालयांची छायाचित्रं होती. मुंबईत डॉ. एस. नटराजन यांच्या गटाने महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने, इंटरनेटशिवाय, आरोग्य कर्मचाऱ्यांकरवी मधुमेह्यांचे पडदे तपासले. २०१९ साली तो निबंध आला. तज्ज्ञाकडे पाठवण्याजोगा एकही रुग्ण त्या यंत्राच्या नजरेतून सुटला नाही. असा कॅमेरा आमच्या भागात फिरला तर मी पहिला हार घालीन.

पण फोटो काढून झाला, 'बिघाड आहे' असं यंत्राने सांगितलं, आता पुढे काय?

गेल्या वर्षी गावातले एक मास्तर वडिलांचा रिपोर्ट घेऊन दुकानात आले. वय जेमतेम तीस. रिपोर्टवर इंग्रजीत लिहिलेलं: बोथ आईज मॉडरेट एनपीडीआर, राईट आय डीएमई. खाली तीन महिन्यांची साखर, नऊच्या वर. "भाऊ, बाबांना दिसतं तर सगळं. गाडी चालवतात. मग हे काय?" मी सांगितलं की शुगर डोळ्यात उतरली आहे, बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागल्यात, उजव्या डोळ्यात मधोमध सूज आहे, दुखत नाही म्हणून काही नाही असं समजू नका. इथपर्यंत ठीक. मग त्यांनी दुसरा कागद काढला. मोठ्या शहरातल्या एका खासगी दवाखान्यात डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनचा खर्च लिहून दिला होता. "याच्यात स्वस्तातलं एक असतं म्हणे. तेवढंच काम करतं का?"

या प्रश्नाचं उत्तर जगाला माहीत आहे. २०१५ साली अमेरिकेत तीन इंजेक्शनांची समोरासमोर तुलना झाली. अफ्लिबरसेप्ट, रॅनिबिझुमॅब ही महागडी, आणि बेव्हासिझुमॅब हे मूळचं कॅन्सरचं, वाटून दिलं की कितीतरी स्वस्त पडणारं. सुरुवातीला नजर फारशी उतरलेली नसेल तर तिघांत फरक नाही. नजर बरीच उतरलेली असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस. २०२२ साली पुढची चाचणी आली: नजर उतरलेल्यांनाही आधी स्वस्तातलं द्यायचं आणि गुण आला नाही तर महागावर जायचं. दोन वर्षांनी नजरेत म्हणण्याजोगा फरक राहिला नाही. मात्र स्वस्तावर सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के डोळ्यांना मध्येच महाग औषधावर न्यावं लागलं. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे आणि झटपट सारांशात नेमकं तेच गळतं. मास्तरांनी घर चालवून पैसे जमवायचे आहेत. 'स्वस्तातलं चालतं' एवढंच कळून ते निघाले तर सहा महिन्यांनी दुसरा आकडा ऐकून हबकतील.

मास्तरांनी हा प्रश्न मोबाइलवरच्या एका चॅटबॉटलाही विचारला होता. उत्तर हिंदीत, छान समजुतीचं, आणि खाली आधारासाठी निबंधांची यादी. लेखकांची नावं, साल, पान क्रमांकसुद्धा. त्यातला एक मी तिथेच पबमेडवर शोधला. त्या नावाचा निबंध अस्तित्वातच नव्हता. नियतकालिक खरं, लेखक खरे, निबंध खोटा. हा रोग नवा नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात मेटा कंपनीने ४ कोटी ८० लाख शास्त्रीय मजकुरांवर शिकवलेलं 'गॅलॅक्टिका' नावाचं यंत्र लोकांसाठी खुलं केलं आणि तीन दिवसांत बंद केलं, कारण ते शास्त्रीय भाषेत बिनदिक्कत थापा मारत होतं. पुष्कळ वाचलेला खरंच बोलेल असा नियम माणसांतही नाही.

तेव्हा महोदय, मास्तर मोबाइलला विचारायचे थांबणार नाहीत, आणि आरोग्य केंद्रातला नवा डॉक्टरही थांबणार नाही. तोही विचारतो, मी बघतो. प्रश्न एवढाच आहे की त्यांना उत्तर कोण देणार. कुठल्यातरी परदेशी कंपनीचं यंत्र, की तुम्ही?

तुम्हीच, असं मी म्हणतो, त्याला कारण आहे. १९११ साली सुरू झालेली तुमची संस्था. १९१३ पासून तुमचं स्वतःचं संशोधनपत्र निघतं आणि ते कुणालाही फुकट वाचता येतं. देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत, हे २०२३ साली तुमच्याच पाहणीने सांगितलं. वैद्यकात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरताना काय पाळावं, याची नियमावलीही तुम्ही त्याच वर्षी काढली. आजारांवर एकेक पानाचे उपचार-तक्ते काढता, ते आमच्या डॉक्टरांच्या टेबलावरच्या काचेखाली असतात. म्हणजे नियम आहेत, तक्ते आहेत, आकडे आहेत. त्या तक्त्याच्या मागे कोणता पुरावा आहे, तो कुणावर तपासलेला आहे आणि गेल्या वर्षभरात त्यात काय बदललं, हे काचेखाली दिसत नाही.

'कुणावर तपासलेला' यावर मी जरा अडून बसणार आहे. आमच्यापासून सगळ्यात जवळचा मोठा अभ्यास नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने जर्मनीतल्या संशोधकांबरोबर केला, सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी. नागपूरजवळच्या आठ खेड्यांतले तीस वर्षांवरचे ४,७११ लोक, बरेचसे शेतकरी-शेतमजूर. त्यातून निबंधांमागून निबंध आले, मधुमेहाच्या डोळ्यांवरही आले. आमच्यासारखी माणसं, आमच्यासारखं जेवण, आमच्यासारखी उन्हातली मजुरी. पण संगणकाला 'मधुमेह आणि डोळ्याचा पडदा' म्हणून सांगितलं तर अमेरिका, चीन आणि युरोपच्या ढिगाखाली हे ४,७११ लोक गाडले जातात. यंत्र संख्येला भुलतं. ज्यावर जास्त लिहिलंय तेच खरं, असं त्याला वाटतं. २०२२ साली आलेल्या स्मार्ट इंडिया अभ्यासाने दहा राज्यांत आणि एका केंद्रशासित प्रदेशात पाहून सांगितलं की चाळिशीवरच्या मधुमेह्यांपैकी १२.५ टक्के लोकांचा पडदा बिघडलेला आहे, आणि ४ टक्क्यांची नजरच धोक्यात आहे. लामत्यातल्या डॉक्टरने प्रश्न विचारला तर आधी हे आकडे यावेत, मग स्कॉटलंड. स्कॉटलंड नको असं मी म्हणत नाही. 'लेन्स' तिथलीच आहे. पण समोर यावं तेव्हा 'हे स्कॉटलंडचं आहे' असं कपाळावर लिहून यावं.

पैशाचं म्हणाल तर सरकारने तो खर्च केलाच आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजना मंजूर केली. तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्था. मोठं काम झालं, त्यात वाद नाही. पण ती दारं महाविद्यालयांना आणि संशोधन संस्थांना उघडली. गावच्या आरोग्य केंद्रातला डॉक्टर त्यात बसत नाही, जिल्ह्याच्या ठिकाणचा नेत्र सहायक बसत नाही, खासगी डॉक्टर आणि माझ्यासारखा दुकानदार तर सोडाच. सारांश फुकट वाचायला मिळतो, हे खरं. पण ७० टक्क्यांची गोष्ट किंवा मूत्रपिंडाची अट सारांशात सापडेलच असं नाही. ती आत सातव्या पानावरच्या तक्त्यात असते. ज्याने रोग्याला तोंड द्यायचं त्याच्यासाठी ते पान बंद, आणि ज्याने प्रबंध लिहायचा त्याच्यासाठी उघडं.

प्रकाशकांशी पुढच्या कराराची बोलणी होतील तेव्हा परिषदेने तिथे बसावं आणि दोन गोष्टी मागाव्यात: सरकारी आरोग्य केंद्रांना वाचायची मुभा, आणि संगणकाकडून मजकूर चाळून घ्यायची स्पष्ट, लेखी मुभा. दुसरी गोष्ट करारात नसेल तर उद्या एखाद्या संशोधकाने हे काम केलं आणि प्रकाशक कोर्टात गेला, तर भांडायला तो एकटा उरेल.

मग एका आजारापुरतं यंत्र उभं करा. सगळं वैद्यक नको. फक्त मधुमेहाचे डोळे. हा आजार मी निवडतो कारण त्यात काही करायला वेळ मिळतो; बिघाड सुरू झाल्यापासून नजर जाईपर्यंत बहुतेकांना वर्षं मिळतात, आणि तेवढ्यात काय करायचं हे निबंधांत लिहिलेलं आहे. यंत्राने निबंध शोधावेत, कोणता मागे घेतला गेला हे बघावं, एकमेकांविरुद्ध जाणारे निष्कर्ष शेजारी-शेजारी मांडावेत, प्रत्येक वाक्याला खऱ्या निबंधाचा दुवा द्यावा, आणि माहीत नसेल तिथे माहीत नाही म्हणावं. निवाडा मात्र यंत्राने करू नये. तो तुमच्या नेत्रतज्ज्ञांनी आणि मधुमेहतज्ज्ञांनी एका टेबलावर बसून करावा, खाली सही आणि तारीख घालावी. चूक निघाली तर कुणाला विचारायचं हे आम्हाला कळलं पाहिजे. चॅटबॉटला जाब विचारायला जागा नाही.

भाषेबद्दल एवढंच: आमच्या जिल्ह्यात घरी मराठी, पवारी, गोंडी, बाहेर हिंदी आणि रिपोर्टवर इंग्रजी. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. राजधानी भोपाळला गेली तरी डोळे दाखवायला आम्ही गोंदिया-नागपूरचीच गाडी धरतो. उत्तर हिंदीत द्या, मराठीत द्या, पण गोंडीत बोलून ऐकवता आलं तर जंगलपट्ट्यातल्या आशाताईंचं काम फार हलकं होईल.

सुरुवात कुठून करायची असा प्रश्न पडला तर फेनोफायब्रेटपासून करा. फील्ड, अकॉर्ड, लेन्स, कॉक्रेन, सगळं समोर आहे. भारतातल्या मधुमेह्याला, पडद्यात बिघाड सुरू झालेला असताना, ही गोळी द्यावी का; द्यावी तर कुणाला, मूत्रपिंडाची कोणती तपासणी करून, किती दिवस; आणि कुणाला अजिबात देऊ नये. उत्तर 'देऊ नका' असं निघालं तरी आमची हरकत नाही. पण कारणांसह, तारखेसह, एका पानावर छापा, आणि ते पान लामत्याच्या आरोग्य केंद्रातल्या काचेखाली येईल अशी व्यवस्था करा, ही विनंती.

आपला,
लामत्यातील एक औषधविक्रेता